डिकीतली दोन पोती

माझा उजवा पाय मुळातच उतावळा. जेवताना हलतो, बँकेच्या रांगेत हलतो, आणि ही जुनी टर्बो गाडी घेतल्यापासून तर त्याला रान मोकळंच मिळालं. गलोंड्याच्या कारखान्यात आम्हा फिटर लोकांत एवढी पळणारी गाडी माझ्या एकट्याकडे. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

पण रस्ता ओला झाला की चाकं जागेवरच फिरायची आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. धुळ्याकडे आम्ही पिकअप चालवायचो. पावसात मागे वजन टाकायचं, म्हणजे चाक धरतं, हे वडिलांनी शिकवलेलं. म्हणून मुलीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी टोकरखाड्यातल्या आमच्या घराशेजारच्या बांधकामावरून रेतीची दोन पोती मागून आणली आणि डिकीत टाकली.

पेपर नर्सिंगचा, केंद्र राखोलीच्या पुढे, नऊला गेट बंद. गेल्या वर्षी तापामुळे तिचा हाच पेपर बुडाला होता. आता बुडाला तर कोर्स सुटणार होता. ती पांढरा युनिफॉर्म घालून शेजारी बसली होती, आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

पावसाने चिखल झालेल्या राखोलीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून मीही थांबलो. ट्रक गेला, आम्ही तिथेच. मी रेस दिली. चाकं घुं घुं करत फिरली, गाडी हातभर मागे घसरली. मागून हॉर्न सुरू झाले. मी आणखी रेस दिली.

ती खाली उतरली, वाकून बघितलं. "पप्पा, रेस नका देऊ. पुढचीच चाकं फिरतायत."

"तू नको शिकवू मला," मी म्हणालो आणि पाय पूर्ण दाबला. चिखलाची चिळकांडी उडाली ती थेट तिच्या युनिफॉर्मवर, कमरेपासून खाली.

ती मागे गेली, डिकी उघडली आणि एक पोतं ओढायला लागली. "इंजिन पुढे, फिरणारी चाकं पुढे, और वजन पीछे," ती म्हणाली. "पुढचं तुम्हीच हलकं करून ठेवलंय."

तीस वर्षं मशिनी दुरुस्त करतोय मी. पिकअपची मागची चाकं फिरायची, हिची पुढची; एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली. दोन्ही पोती उतरवली, एक फोडून रेती पुढच्या चाकांखाली पसरली. मग सेकंड गिअर, आणि पाय असा की पेडलला जेमतेम टेकलेला. गाडी मुकाट्याने चढली.

गेटवर पोचलो तेव्हा पाच मिनिटं होती. तिने बाटलीतल्या पाण्याने डाग पुसले, ते आणखी पसरले. "एक वाजता घ्यायला येतो," मी म्हणालो.

"नको. बसने येईन."

ती आत गेली. मी घरी गेलो नाही. चावी काढून हातात धरली आणि चार तास गाडीतच बसून राहिलो. पाय हलत होता, पण गाडी बंद होती.

एक वाजता ती आली. मला बघून थबकली. तिचं लायसन निघून वर्ष झालं होतं, पण या गाडीची चावी मी तिला कधी दिली नव्हती. ती माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि हात पुढे केला.

"सरका, पप्पा."

मी चावी दिली आणि सरकलो.