टॉकीजमागच्या गल्लीतली फिर्याद

आजही ती फिर्याद आठवली की मला ओशाळल्यासारखं होतं. निजामाच्या अमलातल्या जालन्यात मी नुकताच अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, झालो होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात परतूरकडच्या एका गावचा मोठा शेतकरी ठाण्यात आला. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. त्यानं हात जोडले.

"साहेब, धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला मागं. तिला फूस लावून पळवली."

"कोणी?"

"टॉकीजमागच्या गल्लीतल्या लोकांनी. गावातल्या एकानं तिला तिथं पाह्यली म्हणत्यात. मी काय त्या गल्लीत कधी पाय ठेवला न्हाई. आमच्या घराण्यात तसलं बिलकुल चालत न्हाई."

जमादारानं फिर्याद लिहून घेतली. त्या माणसाची मला खरोखर दया आली. मीही शेतकरी घरातलाच. घरातली विधवा बाई नाहीशी झाल्यावर गावात काय बोललं जातं, ते मला सांगायला नको होतं.

दिवेलागणीला मी गणवेश उतरवून साध्या धोतर-टोपीत गल्लीत शिरलो. एरवी गस्तीवर मी तिथून भराभर निघून जात असे. त्या दिवशी रेंगाळत चाललो. तोंडाशीच अत्तरवाला येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटावर अत्तराचा फाया घासत होता. पुढे टॉकीजच्या पाट्या रंगवणारा चित्रकार भर रस्त्यात फळी उभी करून नटीच्या डोळ्यांत काळा रंग भरत होता. मोजड्या, जरीच्या टोप्या, काचेच्या बांगड्या यांची दुकानं खच्चून भरली होती. कापूस विकून आलेले शेतकरी भाव करत होते. चहाच्या हॉटेलात फोनोग्राफ वाजत होता आणि बाकड्यावर दोन शायर एका शब्दावरून हमरीतुमरीवर आले होते. शेजारी नाटक कंपनीतला राजा, तबले मढवणारा आणि एक मौलवी एकाच किटलीतला चहा पीत बसले होते. वरच्या मजल्यांवरून पेटीचे सूर येत होते. दिवसा या गल्लीला नावं ठेवणारे काही चेहरेही मला दिसले. मला ओळखताच ते जवळच्या दुकानात वळले.

बांगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कासारणीजवळ मी बसलो. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिनंच सांगितलं, "त्या गाणाऱ्या बाईकडं एक नवी आली. पोरींसंगं येती, बांगड्या बघत बसती. भरू का म्हणलं, की हात पदराखाली घेती."

विधवा असणार, हे उघड होतं.

गाणारी बाई उतारवयाची होती. दार तिनंच उघडलं. आत कंदिलाजवळ एक तरुण बाई नाटकातल्या अंगरख्याला जरीची पट्टी लावत बसली होती. मी कोण ते सांगताच ती उठून भिंतीला टेकली.

"तुला इथं कोणी आणलं?"

"कुणी न्हाई. मी माझ्या मनानं आले. तसंच लिवा."

गाणारी बाई काही बोलणार, तोच त्या तरुण बाईनं तिचा हात घट्ट दाबला. माझ्या अनुभवात पोलिसांसमोर माणूस दोष झटकतो. ही बाई तो अंगावर ओढून घेत होती. मला ते खटकलं.

ओळख पटवण्यासाठी दुसऱ्या दिवशी मी फिर्यादीला, म्हणजे तिच्या दिराला, बोलावलं आणि सोबत घेऊन गल्लीत गेलो. तो पटक्याचं टोक तोंडाशी धरून चालत होता. पानाच्या दुकानापाशी आलो तसा पानवाला हसून म्हणाला, "आओ मालक! बहोत दिन हो गए. वहीच ना? सुपारी कच्ची, चुना कम?" बोलता बोलता त्यानं विडा पुढे केला. दिराचा हात सवयीनं पुढे झाला. विडा बोटांत आल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

आम्ही तिथूनच मागे फिरलो. ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. आवाजही चढवला नाही.

"गल्लीत कधी पाय ठेवला नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. आता सांगा, तिला गावाहून जालन्याला कोणी आणलं?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच आणली. डोळे दाखवायला दवाखान्यात जाऊ म्हणलं. मंग सांजच्याला टॉकीजसमोर हुबी केली. म्हणलं, इथं थांब, आलोच. अन् मी गाडीत बसून गावाकडं निघून गेल्तो."

"का?"

"ती भावाचा वाटा मागून राह्यली होती. वकील म्हणला, बदनाम बाईचा अन्नवस्त्राचा हक्क बी जातो. ती या गल्लीत घावली हे सरकारी कागदावर यावं म्हणून फिर्याद दिली."

टॉकीजचे दिवे मालवेपर्यंत ती पाटीखाली उभी होती. मग गाणाऱ्या बाईनं तिला घरात घेतलं. मी पुन्हा तिथं जाऊन सुनेला विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, "सासूबाईंनी मला लेकीवानी सांभाळलं. त्यांचाच लेक असा निघाला हे त्यांना कळाय नको होतं. माझी इज्जत तर त्याच राती गेली. या गल्लीत रात काढलेल्या बाईला कोण घरात घेतं?"

सासूला बोलावणं भाग होतं. म्हातारी रेल्वेनं आली. मी जे घडलं ते सांगितलं. तिनं सगळं उभ्यानं ऐकलं, मग विचारलं, "ती कुठं हाय?"

मी तिला गाणाऱ्या बाईच्या घरी नेलं. जन्मात अशा घराचा उंबरा न ओलांडलेली ती म्हातारी आत जाऊन फरशीवर बसली. सुनेनं तिच्या मांडीत डोकं घातलं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत गाणाऱ्या बाईला म्हणाली, "माझ्या घरानं हिला टाकली. तुमी उचलली. मला तुमच्याकडं बघाया तोंड न्हाई."

तिथून ती पुन्हा ठाण्यात आली. "लिवा. माझ्या लेकानं काय केलं ते सगळं लिवा."

जमादार चुळबुळला. "आजी, पोटचा हाय. हवालातीत जाईल. घरच्या घरी मिटवा."

"घरच्या घरीच मिटवत आलो आजवर," ती म्हणाली. "म्हणून हे झालं."

तिनं अंगठा उठवला. खोट्या फिर्यादीबद्दल मुलाला शिक्षा झाली. सुनेला तिच्या नवऱ्याचा वाटा मिळाला, पण ती गावी गेली नाही. त्याच गल्लीत नाटक कंपन्यांचे कपडे शिवत राहिली. म्हातारी अधूनमधून तिच्याकडे येऊन राहायची.

आमच्या दप्तरात त्या वस्तीला 'बदनाम मोहल्ला' म्हणत. बाईला फसवलं ते इज्जतदार घरानं, आणि सांभाळलं ते त्या मोहल्ल्यानं. घरची गोष्ट चारचौघांत जाऊ नये म्हणून आपण किती निर्दोष जिवांना गप्प बसवतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आमच्या भाऊबंदांतही अशा बायका होत्या. म्हाताऱ्या बाईच्या जबानीखाली सही करताना मला त्यांचे चेहरे एकेक करून आठवत होते. मी ठाण्याचा अमीन होतो, त्यांच्या नात्यातलाच होतो. तरी त्यांतली एकही माझ्याकडे कधी फिर्याद घेऊन आली नसती.