सोडलेली ओळ

मी नेमकं काय काम करते, हे आईला आजवर नीट समजावता आलेलं नाही. सोलापुरात घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटची पानं उतरवून घेते आणि त्यांतल्या मजकुराचे ऑब्जेक्ट बनवते. पान हा नुसता मजकुराचा ढीग असतो. माझा प्रोग्रॅम त्यातली एकेक ओळ उचलतो आणि मी आखून ठेवलेल्या फॉर्ममध्ये भरतो. कोरा फॉर्म म्हणजे क्लास, भरलेला फॉर्म म्हणजे ऑब्जेक्ट. एकदा भरला की त्याला मागचंपुढचं काही लागत नाही. स्वतःची तारीख, स्वतःची वेळ, सगळं त्याच्यापाशी. या नीटनेटकेपणाचा मला फार अभिमान होता, आणि तो मी कामापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं.

आमच्या बोळात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कुठल्या दिवशी, किती वाजता, याचं वेळापत्रक आमच्या भागातलं एक मंडळ दर आठवड्याला आपल्या वेबसाइटवर टाकतं. ते उघडून बघण्याची सवय कुणालाच नव्हती. आमची पद्धत वेगळी होती. दारासमोरचा नळ कोरडा असला तरी उघडाच ठेवायचा, म्हणजे पाण्याआधी हवा फुसफुसते. ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने शेजारच्या दाराची कडी वाजवायची, त्याने पुढच्याची. दोन मिनिटांत अख्खा बोळ बादल्या घेऊन बाहेर. ऐन मीटिंगमध्ये कडी वाजली की माझं डोकं फिरायचं. एका रविवारी चिडून मी प्रोग्रॅम लिहायला बसले.

प्रोग्रॅम ते पान उतरवायचा, प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट करायचा, भागाचं नाव, तारीख, वेळ, आणि आदल्या संध्याकाळी त्या त्या घरांना मेसेज पाठवायचा. बोळाची डावी बाजू एका व्हॉल्व्हवर, उजवी दुसऱ्यावर, म्हणून आमच्या दोन ओळी. डावीकडे आम्ही, उजवीकडे अगदी समोर अक्का.

अक्का साठीच्या पुढची, एकटी राहायची. घरची भाषा तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. विड्या वळून कारखान्यात माल द्यायला जायची. मुलगा भिवंडीत यंत्रमागावर, दर दिवाळीला येऊन तो तिला घेऊन जाण्याचा हट्ट धरायचा आणि अक्का एकच उत्तर द्यायची, “माझं पाणी मी भरते तवर मी हितंच.” मराठी तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या मोबाइलवर मी नळाचं चित्र जाईल असं केलं. नळ आला की उद्या पाणी. तिला ते इतकं आवडलं, की ती कारखान्यातल्या बायकांना दाखवत फिरली.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. बोळाने माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं. कड्या वाजायच्या बंद झाल्या. मला शांतता मिळाली, इतरांनाही मिळाली असावी. प्रत्येकाला आपापला मेसेज येत होता, तेव्हा दुसऱ्याला कळलं की नाही हे बघायचं कारणच उरलं नाही.

मग एका आठवड्यात वेळापत्रक लिहिणाऱ्याने थोडे श्रम वाचवले. आमच्या ओळीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि खालच्या ओळीत, म्हणजे उजव्या बाजूच्या, दोन्ही रकान्यांत लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. त्याचं काही चुकलं नाही. रेशनच्या यादीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत आपण सगळे असंच लिहितो, आणि शाळकरी पोरालाही ते कळतं. माझ्या प्रोग्रॅमला कळलं नाही. त्याच्या हातात ही ओळ आली तेव्हा वरची ओळ केव्हाच ऑब्जेक्ट होऊन निघून गेली होती. तारखेच्या जागी तारीख नाही, तर काय करायचं? ते मीच लिहून ठेवलं होतं: ती ओळ सोड, पुढे जा. कामात अडथळा नको ना.

आणि मला ते दिसलं होतं. चहाचा कप हातात, स्क्रीनवर शेवटची ओळ: ‘सोडलेल्या ओळी: १’. मला वाटलं, असेल कुठलं तरी शीर्षक. मी लॅपटॉप मिटला. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. आम्ही भरलं. उजव्या बाजूच्या इतर घरांतली माणसं घरीच होती, त्यांनी नळाच्या आवाजावर भरलं. मेसेज आला नाही याची कुणी दखलही घेतली नाही. अक्काला नळाचं चित्र आलं नव्हतं. ती निश्चिंतपणे कुलूप लावून माल द्यायला गेली होती.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा पाणी येऊन गेलं होतं. दारातली जमीन ओली, पिंप कोरडं. ती कुणाला काही बोलली नाही. चार दिवसांचं पाणी प्रत्येकाचं मोजलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या मोजलेल्यातून मागायचा तिचा स्वभाव नाही. दोन दिवस घरात होतं तेवढ्यावर काढले. तिसऱ्या दिवशी घागर घेऊन कोपऱ्यावरच्या बोअरवेलला गेली. तिथल्या शेवाळावरून पाय सटकला. बायकांचा गलका ऐकून मी धावले, तेव्हा ती बसलेली होती आणि घागर फुटली का ते विचारत होती. घागर स्टीलची होती. खुबा मोडला होता.

ती ओळ का सुटली ते त्या संध्याकाळी मी शोधून काढलं. दुरुस्ती चार ओळींची: ‘वरीलप्रमाणे’ दिसलं तर आधीच्या ऑब्जेक्टची तारीख घे. चालवून बघितलं, बरोबर चाललं. मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचा रागही आला.

ऑपरेशननंतर आठवड्याने मी दवाखान्यात गेले. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. तिचा मुलगा खाली औषधं आणायला गेला होता. मी अक्काला पान, ओळ, वरची तारीख, सगळं तिला कळेल अशा भाषेत सांगितलं आणि म्हटलं, चूक माझी आहे. ती छताकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “मशीनला वरचं दिसत न्हाई. असू दे. मला येगळंच इचारायचंय.”

मी स्टूल जवळ ओढलं.

“मी नळ उघडा ठेवून गेलते. आले तवा बंद होता. कुणी बंद केला गं?”

ज्या गोष्टीबद्दल मी कुणाशीच बोलले नव्हते, ती हीच. त्या दुपारी आमचं पिंप भरून झाल्यावर मी समोर पाहिलं. अक्काच्या नळाचं पाणी नळाखालचा खड्डा भरून गटारीत चाललं होतं आणि दाराला कुलूप होतं. मेसेज गेला आहे, म्हणजे भरून झालं असणार आणि नळ बंद करायला विसरली असणार, असं मी धरून चालले. चिडले. माणसं पाण्याला तरसतात आणि ही बया वाया घालवते, असं मनात म्हणत बोळ ओलांडून गेले आणि तिचा नळ बंद केला. पिंप तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. झाकण उचललं असतं तरी कळलं असतं. आमचा लांब पाइप अजून माझ्याच हातात होता.

“मी,” मी म्हटलं.

अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजे तू आलतीस की दारापतूर,” ती म्हणाली.

मुलगा औषधं घेऊन वर आला. भिवंडीला न्यायची गाडी गुरुवारी ठरली आहे, असं त्याने मला सांगितलं. या वेळी अक्काने तिचं नेहमीचं उत्तर दिलं नाही.