पाण्यात मारलेली हाक

चाळिशीत मी बायकांच्या बॅचला पोहायला शिकायला गेले, तेव्हा चार हात मारले की जीव कासावीस व्हायचा. तोंड बाहेर काढून हावरटासारखी हवा ओढायचे, तरी ती पुरायची नाही.

शेजारी सत्तरीच्या मालूताई कठडा धरून पाण्यात तोंड घालत आणि बुडबुडे काढत. एकदा म्हणाल्या, "अगं, तू आतला श्वास सोडतच नाहीस. नवा मावणार कुठे? पाण्यात कुणाला तरी हाक मार."

"तुम्ही कुणाला मारता?"

त्या चक्क लाजल्या. "ह्यांना. उखाण्याशिवाय कधी नाव घेतलं नाही. इथे रोज घेते. कोण ऐकतंय?"

श्वास म्हणजे घ्यायचा, एवढंच मला ठाऊक होतं. सगळंच आत धरून ठेवायची माझी सवय. कुणाचं कौतुकसुद्धा ओठांवर आलं की गिळायचे.

काल पहिल्यांदा कठडा सोडून मी पलीकडे पोचले. दर हाताला बुडबुडे फुटत होते, मान वळली की हवा आपसूक आत येत होती. मालूताई तिथेच उभ्या होत्या.

"कुणाला हाक मारलीस गं?"

या वेळी मी गिळलं नाही. "तुम्हाला," म्हणाले.