मढला, हेमंतला आणायला

मुलुंडहून मढला जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, "कशाला?" माझ्या नवऱ्यानेही तेच विचारलं. "हेमंतला परत आणते," म्हटलं आणि सकाळची अंधेरीची बस धरली.

हेमंत आणि मी बारा वर्षं व्हिडिओ गेमचा कार्यक्रम केला. नवा खेळ आला की दोघांनी कॅमेऱ्यासमोर खेळायचा, एकमेकांची टर उडवायची आणि शेवटी घ्यावा की नाही ते सांगायचं. गेल्या हिवाळ्यात रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याने हेडफोन काढून ठेवला, "वैशू, मला काहीच वाटत नाहीये गं," म्हणाला आणि उठून गेला तो थेट मढला, आईकडे. त्यानंतर माझा एकही फोन त्याने उचलला नाही. वर्षभर मी एकटीने किल्ला लढवला. आता कार्यक्रम काढणारी कंपनी म्हणत होती, आणखी तीन वर्षांचा करार देऊ, पण जोडी हवी, आणि आज संध्याकाळपर्यंत कळवा. मला या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. म्हणून काल त्याला मेसेज टाकला, 'उद्या येतेय.' तासाभराने उत्तर आलं, 'जेवायलाच ये.'

पवईच्या तळ्याकाठी बस बराच वेळ रखडली. पाण्यावर उन्हं आली होती, कडेला बगळे उभे होते. हेमंतशी काय बोलायचं त्याची मी मनात तालीम करत होते. आधी जुन्या गमती, मग कराराचं. अंधेरीला रिक्षा केली. रिक्षावाल्याने वेसाव्याच्या गल्ल्यांतून अशी काही वळणं घेतली की माझी तालीम पार विसरली गेली.

वेसाव्याच्या धक्क्यावरून मढला तर (खाडीपार नेणारी होडी) सुटते. जेमतेम पाच मिनिटांचा प्रवास, पण पलीकडे उतरलं की मुंबई मागे पडल्यासारखी वाटते. शेजारी टोपली घेऊन बसलेली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमचा चेहरा ओळखीचा वाटतोय."

"व्हिडिओत असते मी. गेमच्या."

"हां! माझी पोरगी बघायची ना तुम्हाला. आता नाय बघत. बोलते, त्या बाई लई ओरडतात."

मी हसले. ते हसूही जरा मोठ्यानेच आलं.

हेमंत धक्क्यावर उभा होता. वाळला होता, रापला होता. "आलीस?" म्हणाला. "आले," मी म्हटलं. बारा वर्षं आम्ही बोलण्याचंच खाल्लं, आणि आता वाळूतून मुकाट्याने चाललो होतो.

किनाऱ्यावर वलांड्या (बोंबील वाळवायचे बांबूंचे मांडव) उभ्या होत्या. त्याची आई आणि चार बायका ओले बोंबील दोरीवर टाकत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना सोडायची. हेमंतही जाऊन कामाला लागला.

"बोटीवर नाही जात तू?" मी विचारलं.

"मला बोट लागते ना यार. कोळ्याचा मुलगा आणि बोट लागते! गावभर हसतात. म्हणून आईने बायकांत बसवलंय."

मीही दोन बोंबील उचलले. बुळबुळीत अंग, त्यात बारीक दात. पहिल्याच फटक्यात बोटातून रक्त आलं. हेमंतने बोट धुऊन दिलं आणि दोरीवरच्या 'आ' वासलेल्या तोंडांकडे हात करून म्हणाला, "बघ, सगळे थंबनेलला उभे आहेत." व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं ते थंबनेल. त्यात आम्ही दोघं कायम डोळे फाडून, तोंड उघडून. मी पोट धरून हसले. वाटलं, जमलं, हा येतोय परत.

दुपारी त्याच्या आईने वाढलं. तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलांचं कालवण. ताट समोर आलं आणि माझे डोळे आपोआप विस्फारले, दोन्ही हात गालांवर गेले. "अहाहा! मावशी, काय जबरदस्त झालंय!"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "घास आजून तोंडान गेला नाय, नी चव कशी कलली गो तुला?"

मी ओशाळले. हेमंत हसला नाही. "आई, राहू दे तिला. सवय आहे आमची."

खरंच सवय होती. खेळ हाती यायच्या आधीच आम्ही चेहऱ्यांचे फोटो काढून ठेवायचो. एक आश्चर्याचा, एक रागाचा, एक रडका. मग जो खेळ येईल त्याला जो शोभेल तो चिकटवायचा. शेवटच्या खेपेला रडका चेहरा काढताना हेमंतला खरंच रडू फुटलं होतं. कॅमेऱ्यामागे मी होते. मी म्हटलं होतं, "झकास! असाच राहा." तो फोटो आम्ही सहा व्हिडिओंना लावला.

खाली मान घालून मी घास घेतला. आंबट, तिखट, मऊसूत. दुसरा घेतला. कालवण खरोखरच फार चांगलं होतं, आणि ते मावशींना सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"हेमंत, त्या दिवशी तू रडत होतास," मी म्हटलं.

"हो गं."

"मला कळलं होतं रे. तरी मी फोटो काढला."

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मग म्हणाला, "तू का आलीस ते माहितीये मला. तू 'चल' म्हणालीस तर मी येईन. तुला नाही म्हणायला मला जमतच नाही. म्हणून तर वर्षभर फोन नाही घेतला."

मावशी हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द टाकायचा अवकाश, जोडी तयार होती. "मावशी, थोडं कालवण वाढा," मी म्हटलं. त्यांनी भरभरून वाढलं.

चारच्या सुमाराला तो मला पोचवायला आला. "काही विचारायचं राहिलं का?"

"नाही रे. काही नाही."

मी होडीत बसले. वळून पाहिलं तर हेमंत धक्क्याच्या पायरीवर मटकन बसला होता, चेहरा दोन्ही हातांत झाकून. सकाळपासून तो किती घाबरलेला होता ते मला तेव्हा कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

अंधेरीला बसची वाट बघताना कंपनीला फोन लावला. जोडी होणार नाही, आणि मीही करणार नाही, असं सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, दुसरा कुणी जोडीदार बघू या का? नको म्हटलं. गेले होते एका माणसाला आणायला आणि हातातल्या कामावर पाणी सोडून परत निघाले. चाळिशीला आलेय, पुढे काय करायचं ठाऊक नाही.

बसमधून उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. हेमंतचा.

"पोचलीस का गं?"

मला रडू आवरेना. फोन मात्र त्याने ठेवला नाही.