गमावलेले उत्पन्न

यशवंत गजभिये मूळचे नागपूरचे. गाझियाबादेत राहून दिल्लीच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षे आकडेमोड करत आले. काम ऐकून पाहुणे हसायचे. गाड्या-ट्रकांच्या धुरातल्या वायूंनी हवा तापते, त्यापायी देशाचे किती रुपयांचे नुकसान होते ते काढायचे. करपलेली पिके, वितळलेले रस्ते, उष्माघाताने गेलेली माणसे, सगळे रुपयांत. माणसाची किंमत काढायची रीत तर यशवंतरावांनीच बसवलेली. मेलेला माणूस साठीपर्यंत जे कमावणार होता, ते गमावलेले उत्पन्न. रीत सुटसुटीत, साहेब लोक खूश, आणि यशवंतरावांना तिचा भारी अभिमान.

गेल्या जूनमध्ये त्यांची बायको शीला बसथांब्यावर चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. सत्तावन्न वर्षांची बाई, रणरणत्या उन्हात बुद्धविहाराकडे निघाली होती. दिल्लीत वाढलेल्या पोरांना ती दर रविवारी तिथे मराठी शिकवायची, तेही फुकट. पुण्यानुमोदनाला ती पोरे ढसाढसा रडली.

यंदाच्या अहवालासाठी उष्माघाताची यादी आली. तीत नावे नसतात; तारीख, गाव, स्त्री की पुरुष, वय, व्यवसाय एवढेच. 'गाझियाबाद, स्त्री, ५७, गृहिणी.' तारीख तीच. पुढच्या रकान्यात संगणकाने शून्य टाकले होते. ही शीलाच, हे यशवंतरावांनी ओळखले. पगार नाही तिथे माणूस नाही, असलाच तो हिशेब!

ते तडक विनायक करंदीकर साहेबांकडे गेले.

"सर, घरात राबणाऱ्या बायकांचं काहीतरी धरायला हवं. शून्य कसं चालेल?"

करंदीकर भला माणूस. त्यांनी आधी खुर्ची पुढे केली.

"बिल्कुल कळतंय मला, यशवंतजी. पण मग मागची सगळी वर्षं पुन्हा काढावी लागतील, आणि रिपोर्ट सोमवारी जायचाय. शिवाय मेथड तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे, सर."

इतक्या वर्षांत अशा किती शून्यांवर आपण चहा पीत सह्या ठोकल्या, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्या प्रत्येक शून्यामागेही कुणाची तरी आई होती, कुणाची बायको. सोमवारी त्यांनी त्या शून्यासकट सही केली.

संध्याकाळी नोएडाहून मुलीचा, रोशनीचा फोन आला.

"बाबा, रिपोर्ट गेला? आई आहे ना त्यात?"

"आहे."

"अच्छा. किती धरलं आईचं?"

यशवंतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुष्कळ धरलं, बेटा," ते म्हणाले, आणि फोन ठेवून हमसून हमसून रडले.