शेवंती आणि बारा भाग
शेवंतीचा वास आला की मला ती अ‍ॅनिमे मालिका आठवते आणि डोकं फिरतं. अमरावतीच्या क्लासला सुट्टी होती म्हणून मी अचलपूरजवळच्या आमच्या मळ्यात गेलो होतो. आई ओसरीत शेवंतीचे हार ओवत होती. मी टोपलीला मोबाइल टेकवून मालिका लावली आणि तिला मराठीत सांगू लागलो. कल्पना काय सुंदर होती! झाड लावणाऱ्याचे शेवटचे शब्द एका मुलीला फुलातून ऐकू येतात, आणि ती मेलेल्या आईने लावलेलं झाड शोधायला निघते. आईची सुई थांबली. पण तिसऱ्याच भागात युद्ध, चौथ्यात लग्न, आणि बाराव्यात झाड सापडलं ते एका गाण्यात उरकलं. “कावून पळवून राहिला रे?” आई माझ्यावरच चिडली. “मी नाही, त्यांनीच पळवलंय!” “मंग तिची माय काय बोलली?” ते दाखवलंच नव्हतं. “तेच तं आयकाचं होतं मले!” काल आईचा फोन आला. दवाखान्यात जाताना एसटीत शेजारी कोण बसलं होतं, इथपासून तिने सुरुवात केली. मी म्हणालो, “आई, मुद्द्याचं सांग.” “काई नाई रे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.