भोर-वेल्ह्यातला एक वन्स मोअर

स्वारगेटहून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली तेव्हाच मी काळजीत होते. बरोबरची मंडळी मात्र सहलीच्या खुशीत होती. आम्ही सगळे पुण्यातले संगीत नाटकांचे वेडे. या शनिवार-रविवारी एका नव्या संगीत नाटकाचे दोन चाचणी प्रयोग होते, पहिला भोरला, दुसरा वेल्ह्याला. त्यातली नायिका मुक्ता ही माझी मुलगी, हे मी गाडीत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे माझ्याशी गोडगोड बोलले असते, आणि खोट्या कौतुकाने मला जास्तच धडकी भरते.

काळजीला कारण होतं. गेल्या वर्षी मुक्ताच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. कित्येक महिने तिने गाणं तर सोडाच, घरात साधी हाकसुद्धा मारली नाही. आता डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती, पण ताण नको असं बजावून. त्यात निर्मात्याचं म्हणणं पडलं, की दुसऱ्या अंकातलं तिचं पद लांबतंय. दोनपैकी एकाही चाचणी प्रयोगात त्याला वन्स मोअर मिळाला नाही तर पुण्यात ते कापायचं. वन्स मोअर मिळाला की नटाने प्रसंग तिथेच थांबवून पद पुन्हा गायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वन्स मोअरला नकार देणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान. म्हणजे वन्स मोअर आला नाही तर पद जाणार, आला तर गळा. देवाकडे काय मागायचं तेच मला कळत नव्हतं.

खेड शिवापूर मागे पडेपर्यंत गाडीत चर्चेला रंग चढला. श्रीनिवासराव निवृत्त शिक्षक, जुन्या वळणाचे. "सध्या चाललेल्या त्या ऐतिहासिक नाटकात ऑर्गन रेकॉर्डचा आहे हो. नटाने एक तान जास्त घेतली तर ऑर्गन पुढे निघून जातो," ते म्हणाले.

पुढच्या सीटवरच्या मीनाताईंना हे पटेना. "पण दोन तासांत संपतं. तुमच्या त्या पाच-पाच तासांच्या नाटकांना आता कोण बसणार? आणि दिवाळीनंतर येणाऱ्या नाटकात तर म्हणे मागे मोठा पडदा आहे, त्यावर नदी वाहते."

"नदी पडद्यावर वाहायला लागली की गाण्यात वाहत नाही," श्रीनिवासराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजची ही नायिका नवीनच दिसते. गळ्याचं काही दुखणं झालं होतं म्हणतात. झेपेल का तिला?"

मी खिडकीबाहेर बघत "बघू या" म्हणाले.

कामथडीला चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेच्या बांध घातलेल्या भातखाचरांत कापणी झाली होती आणि पेंढ्या वाळत पडल्या होत्या. सगळ्यांनी भजी खाल्ली. मी माझी बशी मीनाताईंकडे सरकवली. भजी गरम होती की गार, हेसुद्धा मला आज आठवत नाही.

भोरचा प्रयोग दुपारी होता. सभागृह लहान, पंख्यांचा आवाज मोठा. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ येऊन बसले. नाव रामभाऊ, गाव राजगडाच्या पायथ्याचं पाली. भातशेती आहे आणि गडावर येणाऱ्या पोरांना घरी जेवू घालतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"इतक्या लांबून नाटकाला?" मी विचारलं.

"गाण्याचं नाटक आसलं की आमी जातोच. उद्या वेल्ह्याला बी हायच. पर हितं एक हाय बगा," ते म्हणाले. "पैला वन्स मोअर येकाचाच आसतो. त्यो भरला आवाज आला की मग समदे वराडत्यात. पैलाच पडला तर कुनी तोंड उगडत न्हाई."

दुसरा अंक सुरू झाला. मुक्ता नावाडिणीच्या वेषात काठावर उभी राहिली आणि पद सुरू झालं. मला शब्द ऐकूच येत नव्हते, मी फक्त तिच्या गळ्याची शीर बघत होते. वरचा स्वर लागला तेव्हा मला त्यात बारीकशी खरखर ऐकू आली. निदान मला तसं वाटलं. पद संपलं. शेजारून रामभाऊंनी मान वर केली, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "वन्स मो..."

मी त्यांची बाही धरली. "नका हो," मी म्हणाले.

ते थांबले. हॉलमध्ये क्षणभर सगळे त्या अर्ध्या आवाजाची वाट बघत राहिले, मग टाळ्या वाजल्या आणि नाटक पुढे गेलं. रामभाऊंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "लेक हाय व्हय तुमची?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी नजर पुन्हा रंगमंचाकडे वळवली.

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर नाचणीची भाकरी आणि पिठलं खाताना मंडळींनी निकाल दिला. "पद बरं होतं, पण वन्स मोअर काही आला नाही," मीनाताई म्हणाल्या. "म्हणजे लोकांना भिडलं नाही. निर्माता ते कापणार असं ऐकलंय." श्रीनिवासरावांनीही मान डोलावली. मी उठले आणि नाटक कंपनीच्या मुक्कामी मुक्ताला भेटायला गेले.

ती चादर गुंडाळून गरम पाणी पीत बसली होती. आवाज स्वच्छ होता. "आई, आज आवाज काय लागला होता गं," ती म्हणाली. "दोनदा सहज गायले असते. कुणीतरी वन्स मोअर म्हणता म्हणता मध्येच थांबलं. का थांबलं असेल?"

"मी थांबवलं," मी म्हणाले.

तिने भांडं खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला खरखर ऐकू आली?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणाले. "खरखर नव्हती आई," ती म्हणाली आणि पाठ फिरवून आडवी झाली.

रविवारी सकाळी मंडळी आंबवड्याचं देऊळ बघायला गेली. मीही गेले, पण काय पाहिलं ते सांगता येणार नाही. मग पुन्हा कामथडीवरून मागे येऊन नसरापूरहून वेल्ह्याकडे वळलो. दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येत गेले. एरवी मी ड्रायव्हरला दहा ठिकाणी थांबवलं असतं.

वेल्ह्यात रंगमंच उघड्यावर होता, बायाबापड्या ताडपत्रीवर बसलेल्या. रामभाऊंनी माझ्यासाठी शेजारी जागा राखली होती. पद आलं. आज वारा होता आणि आज खरखर खरीच होती. मीनाताईंच्याही कपाळावर आठी दिसली. पद संपलं. रामभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मागू का?"

मला रडू येत होतं. रंगमंचावर मुक्ता खाली मान घालून उभी होती, पुढचं वाक्य म्हणत नव्हती. ती वाट बघत होती.

"मागा," मी म्हणाले.

त्यांचा आवाज डोंगरावर आपटला असेल. मागोमाग सगळी ताडपत्री ओरडली, श्रीनिवासरावसुद्धा. मुक्ताने ऑर्गनवाल्याकडे पाहिलं आणि पुन्हा गायला लागली. वरच्या स्वराला आवाज फाटला. ती थांबली नाही. तीच ओळ खालून घेतली, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि तिथून पद शेवटाला नेलं.

"आता पद राहिलं," मीनाताई म्हणाल्या. "पण ही पोर उद्या बोलू शकेल का, शंकाच आहे."

"माझी मुलगी आहे ती," मी म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

परतताना मी कंपनीच्या बसमधून आले. मुक्ताचा आवाज पार बसला होता, उद्या सगळ्यात आधी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. नसरापूर आलं तरी ती खिडकीशी डोळे मिटून होती. मग तिने मोबाईल काढला, काहीतरी टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं.

'पुण्यातल्या प्रयोगाला ये. पण शेजारच्याची बाही धरू नकोस.'

मी हो म्हणाले. जमेल की नाही, ते मला खरंच माहीत नाही.